सौरज्वालांचा मागोवा आणि कुलाबा–अलिबागच्या भूचुंबकीय नोंदी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सूर्यावर होणाऱ्या स्फोटांचा पृथ्वीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न आज उपग्रह, वीजवाहिन्या आणि मोबाईल यांच्या संदर्भात विचारला जातो. त्यामुळे हा विषय अलीकडचा आणि तोही परदेशातील मोठ्या प्रयोगशाळांचा, असा समज विद्यार्थ्यांमध्येच नव्हे तर शिक्षकांमध्येही आढळतो. प्रत्यक्षात या विषयाच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, २ सप्टेंबर १८५९ रोजी, माणसांनी डोळ्यांनी पाहून आणि हाताने लिहून केलेली आहे. प्रस्तुत लेखात त्या नोंदीची पार्श्वभूमी, तिचे पुढील काळात झालेले मूल्यमापन आणि मध्य भारताशी असलेला तिचा संबंध यांचा आढावा घेतला आहे.

वेधशाळेला उर्दूत ‘रसदगाह’ म्हणतात. अरबी ‘रसद’ म्हणजे टक लावून पाहणे, पाळत ठेवणे. मराठीतील ‘वेध’ हा शब्दही त्याच अर्थाच्या जवळ जातो. होकायंत्राला उर्दूत ‘कुतुबनुमा’, म्हणजे ध्रुव दाखवणारा, असे नाव आहे. १२५९ मध्ये नसीरुद्दीन तुसी यांच्या देखरेखीखाली मराघा येथे उभी राहिलेली वेधशाळा, पंधराव्या शतकातील उलुग बेग यांची समरकंदची वेधशाळा आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी उभारलेल्या वेधशाळा या सर्वांमागे एकच सूत्र होते. एका रात्रीच्या निरीक्षणातून फारसे हाती लागत नाही, वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने ठेवलेल्या कोष्टकांतून आकाशाचे नियम कळतात. कुलाब्याची कथा याच सूत्राची आहे. फरक इतकाच की येथे मोजमाप ताऱ्यांचे नव्हते, कुतुबनुम्याच्या सुईला हलवणाऱ्या अदृश्य बलाचे होते.

कुलाबा वेधशाळेची स्थापना आणि भारतीय सहायक

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि खगोलीय निरीक्षणे व्हावीत, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे गाउस या जर्मन गणितज्ञाच्या प्रेरणेने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे एकाच वेळी अनेक देशांत मोजमाप करण्याची मोठी मोहीम सुरू झाली. भारतात मद्रास, सिमला, त्रिवेंद्रम आणि मुंबई ही केंद्रे त्या मोहिमेत होती. कुलाब्यात १८४१ पासून एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय नोंदी सुरू झाल्या.

या कामात भारतीयांचा सहभाग आरंभापासून होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ कुलाबा वेधशाळेचे काम पाहिले. अलिबागजवळच्या नागाव येथे १८२५ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण, म्हणजेच केरूनाना छत्रे, विशीच्या आतच ऑर्लेबार यांच्या हाताखाली वेधशाळेत काम करू लागले. पुढे त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि पुण्यात गणित व विज्ञानाचे अध्यापक म्हणून नाव मिळवले. सौरडाग आणि हवामान यांच्या संबंधाचाही त्यांनी अभ्यास केला. मराठीतील आधुनिक विज्ञानलेखनाची सुरुवात आणि कुलाब्याचे चुंबकीय काम ही एकाच पिढीची, काही अंशी त्याच माणसांची कामगिरी आहे, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

सिमल्याचे केंद्र काही वर्षांतच बंद पडले. चुंबकीय सुईच्या हालचाली टिपून नेमका काय लाभ होणार, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते. तरीही कुलाब्याचे काम चालू राहिले. ते चालू राहिले म्हणूनच पुढील नोंद शक्य झाली.

१ आणि २ सप्टेंबर १८५९

गुरुवार, १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील रिचर्ड कॅरिंग्टन हे सौरडागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र काढत असताना त्या समूहावर दोन अतितेजस्वी ठिपके एकाएकी प्रकटले आणि सुमारे पाच मिनिटांत मावळले. ग्रिनिच वेळेनुसार तेव्हा सकाळचे ११ वाजून १८ मिनिटे झाली होती. रिचर्ड हॉजसन यांनीही दुसऱ्या ठिकाणाहून तेच दृश्य पाहिले. सौरज्वालेचे हे पहिले नोंदवलेले निरीक्षण होय. त्याच क्षणी क्यू येथील स्वयंलेखी चुंबकमापकात एक छोटासा झटका उमटला होता.

कुलाब्यात त्या वेळी दुपारचे चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तेथील सुया अस्वस्थ झाल्या. वेधशाळेचे अधीक्षक तेव्हा इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट ई. एफ. टी. फर्ग्युसन होते. नेहमीचा शिरस्ता दर तासाला एक वाचन घेण्याचा होता. हालचाल विलक्षण आहे असे दिसताच काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेण्यात आली. स्थानिक वेळेनुसार सकाळी सव्वाअकराच्या सुमारास चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक एकदम खाली आला. मुंबईत या घटकाचे सामान्य मूल्य सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते. ही घट एक हजार नॅनोटेस्लाहून कितीतरी अधिक होती.

त्याच काळात क्युबा, हवाई अशा उष्ण प्रदेशांतही आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलँड यांच्यातील तारेवर बॅटरी काढून टाकल्यावरही, केवळ जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या जोरावर, संदेशांची देवाणघेवाण झाली.

युरोपातील वेधशाळांमध्ये छायाचित्रण पद्धतीची स्वयंलेखी यंत्रे होती. वादळ इतके प्रबळ होते की त्यांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात दुर्बिणीतून पट्टीवरील आकडा वाचून वहीत लिहिण्याची जुनी पद्धत होती, म्हणून तेथे सर्वांत खोल क्षणाचा आकडाही मिळाला. शिवाय मुंबई विषुववृत्ताच्या अगदी जवळ नाही आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यापासून दूर आहे. वादळात पृथ्वीभोवती जो वलयाकार विद्युतप्रवाह निर्माण होतो, त्याचा परिणाम अशा अक्षांशावर तुलनेने स्वच्छ दिसतो. कुलाब्याची नोंद आजही अनन्यसाधारण मानली जाते, त्याची ही दोन कारणे आहेत.

संबंध मान्य होण्यास लागलेला काळ

कॅरिंग्टन यांनी ज्वाला आणि चुंबकीय वादळ यांच्यातील योगायोगाकडे लक्ष वेधले, परंतु एका घटनेवरून निष्कर्ष काढण्याचे टाळले. त्यापूर्वी १८५२ मध्ये एडवर्ड सॅबिन यांनी सौरडागांचे चक्र आणि चुंबकीय अस्वस्थतेचे चक्र एकमेकांशी जुळते, हे दाखवले होते. तरीही १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून बोलताना सूर्य हा चुंबकीय वादळांचा थेट कारक असू शकत नाही, असे मत मांडले. त्यांचे गणित चुकलेले नव्हते. सूर्य चुंबकासारखा सर्व दिशांना प्रभाव टाकतो, हे त्यांचे गृहीतक चुकीचे होते. सूर्यापासून द्रव्याचा झोत एका दिशेने फेकला जाऊ शकतो, ही कल्पना त्या काळी रुजलेली नव्हती.

दरम्यान ४ फेब्रुवारी १८७२ रोजी आणखी एक मोठे वादळ आले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने ६ फेब्रुवारीच्या अंकात मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची आणि एडनकडे जाणाऱ्या समुद्राखालील तारेच्या कामात अडथळा आल्याची बातमी दिली. विसाव्या अक्षांशाच्या आतील शहरातून ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे हे वृत्त पुढे अनेक संशोधकांनी अभ्यासले आहे.

मध्य भारताचा या इतिहासाशी थेट संबंध आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणामुळे. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये निर्माण झाला आणि तेव्हाच्या मध्य प्रांतात नागपूर विभागात मोडत असे. ग्रहणाची पट्टी विजयदुर्गहून जेऊर, वऱ्हाडातील तळणी आणि पुलगाव असे टप्पे घेत सिवनी-बालाघाटच्या टापूवरून शहडोलकडे व पुढे बक्सरला गेली. विजयदुर्गला नॉर्मन लॉकयर, जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील कावसजी दादाभाई नेगमवाला, शहडोलला ग्रिनिचचे राजज्योतिषी ख्रिस्ती असे नामांकित निरीक्षक थांबले होते. तळणीला वॉल्टर आणि ॲनी माँडर हे दांपत्य होते. ॲनी माँडर यांनी तेथे घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला, अनेक सौरत्रिज्या लांब असा किरण उमटला. सूर्याचा प्रभाव विशिष्ट दिशांना पसरतो, या विचाराला अशा छायाचित्रांनी बळ दिले. १९०४ मध्ये वॉल्टर माँडर यांनी चुंबकीय वादळे सुमारे २७ दिवसांच्या अंतराने, म्हणजे सूर्याच्या परिभ्रमणाशी मेळ राखून पुन्हा येतात, हे दाखवले. केल्व्हिन यांच्या आक्षेपाला मिळालेले हे महत्त्वाचे उत्तर होते.

पुण्यातील नेगमवाला यांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेला मिळाली. १८७६–७७ च्या मद्रासमधील भीषण दुष्काळानंतर सूर्य आणि पाऊस यांचा संबंध शोधण्याची निकड भासली, हे कोडाईकनालच्या स्थापनेमागील एक कारण होते. सौरडागांवरून दुष्काळाचे भाकीत करण्याची आशा फळाला आली नाही. मात्र त्या आशेपोटी १९०४ पासून सुरू झालेली सूर्याच्या दैनंदिन छायाचित्रांची मालिका आज सौरसंशोधनाचे मोठे धन आहे. एखादा प्रश्न अनुत्तरित राहिला तरी त्यासाठी जमवलेल्या नोंदी पुढील पिढीच्या वेगळ्या प्रश्नाला उपयोगी पडतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कुलाब्याहून अलिबागला

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या प्रवाहामुळे कुलाब्याची नाजूक उपकरणे निरुपयोगी ठरणार होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी योग्य जागेचा शोध घेऊन अलिबागची निवड केली. तेथे १९०४ मध्ये पोरबंदरी दगडाची, लोखंडासारख्या चुंबकीय वस्तू कटाक्षाने टाळलेली इमारत उभी राहिली. मूस यांनी घाईने स्थलांतर केले नाही. १९०४ ते १९०६ अशी सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतील फरक निश्चित करता आला आणि मालिका अखंड राहिली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. तोपर्यंत सुया सुरक्षित ठिकाणी पोहोचल्या होत्या.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील चुंबकीय नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त संस्था झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे आहे. अलिबागसह देशात तिची अनेक केंद्रे असून त्यांपैकी नागपूरचे केंद्र बालाघाटला जवळचे आहे.

आकडा नेमका किती?

१८५९ ची कुलाब्याची नोंद जगापुढे ठळकपणे आली ती २००३ मध्ये. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लाखिना व शोभना ॲलेक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतक्या घटीचा निर्देश होता. तेव्हापासून हा आकडा सर्वत्र उद्धृत होऊ लागला. इतकी घट खरोखर वलयाकार प्रवाहामुळेच झाली की त्यात अन्य प्रवाहांचा वाटा होता, यावर मतभेदही झाले.

२०२२ मध्ये जपानचे हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या १८५९ च्या मूळ वार्षिक अहवालाची छाननी केली. तेव्हा असे आढळले की तासाच्या नोंदींमध्ये कमाल घट १६९१ नॅनोटेस्ला येते, तर मधल्या वेळेत घेतलेल्या सुट्या वाचनांमध्ये ती १२६३ नॅनोटेस्ला येते. एकाच वेधशाळेच्या एकाच अहवालात ही विसंगती आहे. सर्व घटक विचारात घेऊन वादळाची तासागणिक सरासरी तीव्रता ९१८ ते ९७९ नॅनोटेस्लाच्या दरम्यान असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचा प्रवासही १७.१ तास किंवा त्याहून कमी वेळात झाला, असे त्यांनी दाखवले. ऑगस्टच्या अखेरीस आलेल्या एका आधीच्या वादळामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अगोदरच अस्वस्थ झाले असावे, अशीही शक्यता त्यांनी मांडली.

इतिहासाच्या अध्यापकांना या प्रकारात ओळखीचे काही दिसेल. वारंवार उद्धृत झालेला आकडा, मूळ साधनाकडे परत जाणे, साधनातच अंतर्गत विरोध सापडणे आणि दोन्ही वाचने वाचकांपुढे ठेवून मर्यादित निष्कर्ष काढणे, ही पद्धत बखरी आणि फर्माने तपासण्याच्या पद्धतीहून वेगळी नाही. मूळ अहवाल नष्ट झाला असता तर ही दुरुस्ती कधीच झाली नसती.

आजचे संदर्भ

आजच्या ज्ञानानुसार सूर्यापासून येणारे परिणाम तीन टप्प्यांत पोहोचतात. ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण सुमारे सव्वाआठ मिनिटांत येतात. त्यामुळे पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूला आयनांबर बदलते आणि लघुलहरींवरील रेडिओ संपर्क क्षीण होतो. त्यानंतर वेगवान कण येतात, ते उपग्रह आणि अंतराळवीर यांना घातक असतात. ज्वालेबरोबर पुष्कळदा सूर्याच्या प्रभामंडलातील द्रव्यही चुंबकीय क्षेत्रासह फेकले जाते. ते पृथ्वीच्या दिशेने निघाले तर साधारण एक ते चार दिवसांत पोहोचते. त्याचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तर भूचुंबकीय वादळ होते. प्रत्येक ज्वालेनंतर वादळ येतेच असे नाही. समाजमाध्यमांतील भीतिदायक संदेश नेमकी हीच बाब विसरतात.

माणसाच्या शरीराला जमिनीवर या वादळाचा अपाय होत नाही. धोका यंत्रव्यवस्थेला आहे. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांताची वीजव्यवस्था सुमारे दीड मिनिटात कोलमडली आणि साठ लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात राहिले. त्या वादळाची तीव्रता ५८९ नॅनोटेस्ला होती, म्हणजे १८५९ च्या तुलनेत बरीच कमी. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका तुलनेने सौम्य वादळामुळे वातावरणाचा वरचा थर फुगला आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुसंख्य उपग्रह नष्ट झाले. १०–११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश टिपला गेला.

मध्य भारत ध्रुवांपासून दूर असल्याने येथील वीजवाहिन्यांना क्युबेकइतका धोका नाही. परंतु धोका शून्यही नाही. जमिनीत निर्माण होणारा प्रवाह लांब वाहिन्यांमधून रोहित्रांत शिरतो, आणि बालाघाटच्या शेजारी सिवनी येथे ७६५ किलोव्होल्टचे मोठे उपकेंद्र आहे. याशिवाय भोपाळ–अहमदाबादच्या आसपासच्या पट्ट्यात आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता मुळातच जास्त असते. त्यामुळे उपग्रहावर आधारित स्थाननिश्चितीत वादळाच्या काळात चुका वाढू शकतात. जमीनमोजणी, खाणकाम आणि वनक्षेत्राचे सर्वेक्षण यांत हे तंत्र वापरले जाते, हे पाहता प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही.

भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे यान सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील पहिल्या लाग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील सात उपकरणांपैकी अतिनील किरणांत सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे. सौरवारा पृथ्वीवर पोहोचण्यापूर्वी त्या बिंदूपाशी मोजता येतो, पण त्यातून मिळणारी पूर्वसूचना साधारण पाऊण-एक तासाची आणि वेगवान वादळात त्याहूनही कमी असते.

समारोप

वीजव्यवस्थेचे नियोजन करणाऱ्या अभियंत्याला एक साधा प्रश्न पडतो : वादळ जास्तीत जास्त किती मोठे येऊ शकते? उपग्रहांचा काळ जेमतेम सहा-सात दशकांचा आहे आणि त्या अवधीत १८५९ च्या तोडीचे वादळ पृथ्वीवर आलेले नाही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधताना आजही कुलाब्याच्या त्या शुक्रवारच्या वहीकडे वळावे लागते. अहवालावर अधीक्षकांचे नाव आहे, परंतु वेधशाळेचे काम त्यांच्या हाताखालच्या सहायकांच्या पाळ्यांवर चालत असे. ज्याने नेहमीचा शिरस्ता मोडून अधिक वेळा वाचने घेतली, त्याला आपण काय नोंदवत आहोत हे ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. आकडा अविश्वसनीय वाटला तरी तो जसा दिसला तसा लिहिला गेला, हे त्याचे श्रेय आहे.

ग्रामीण व निमशहरी भागातील महाविद्यालयांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. महाविद्यालयातील पर्जन्यमापकाची वही, तापमानाच्या नोंदी, ग्रंथालयातील जुने सरकारी अहवाल आणि उर्दू-मराठी वृत्तपत्रांचे गठ्ठे ही सर्व साधने रद्दीत जाण्याच्या मार्गावर असतात. १८७२ च्या ध्रुवीय प्रकाशाचा उल्लेख एका वृत्तपत्राच्या अंकात सापडला. १८५९ आणि १८७२ च्या त्या दिवसांत हैदराबाद, लखनौ, नागपूर किंवा जबलपूर येथील उर्दू, फारसी व मराठी लेखकांनी आकाशाविषयी काही लिहून ठेवले आहे काय, हे तपासण्याजोगे आहे. हे काम भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होणारे नाही. त्यासाठी जुनी लिपी वाचणारा, तारखांचे हिजरी व इसवी सन जुळवू शकणारा आणि हाती आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणारा भाषेचा अध्यापक हवा.